रांगेतला माळभूर्ज

पुर्माले गावात कुणी मेलं की ‘टेकडीवर गेलं’ असं म्हणतात, कारण दफनभूमी टेकडीवर आहे. पण आयनार्सची शवपेटी आयर्लंडहून आली तेव्हा टेकडी भरून गेली होती. त्याला जागा मिळाली ती उतार संपतो तिथं, खालच्या अंगाला. सामुदायिक शेतीच्या काळात तिथं पाणी काढून द्यायला जमिनीखाली मातीचे नळ पुरले होते. पुढं ती शेती मोडली, नळ फुटले, बुजले, आणि बर्फ वितळला की गवतात पाणी डबडबून राहायला लागलं.

आयनार्सची आई रास्मा ही जमीन तळहातासारखी ओळखत होती. आधी सामुदायिक शेतीची रोपवाटिका आणि नंतर पंचायतीची झाडं, असा तिचा जन्म मातीत हात घालण्यातच गेला होता. दफनभूमीचा हा नवा भाग आखला तेव्हा पंचायतीच्या बाईंनी तिला विचारलं होतं, “कडेनं भूर्ज लावू या ना? ते पांढरेशुभ्र, लोंबत्या फांद्यांचे. फोटोत किती छान येतात!”

“ते माळभूर्ज,” रास्मा म्हणाली. “त्यांना वाळू लागते, उतार लागतो. इथं पाणभूर्ज तगेल.”

“पाणभूर्ज म्हणजे तो करडा, झाडूसारखा?”

“तोच.”

बाईंनी नाक मुरडलं. शेवटी रास्मा म्हणाली, दोन्ही लावून बघू, झाडंच काय ते सांगतील. तिनं एक ओळ माळभूर्जाची लावली, एक पाणभूर्जाची. रोपं एका वयाची होती, एकाच वाटिकेतली. पहिल्या वर्षी माळभूर्ज असा काही डौलात वाढला की बाई येताजाता टोमणे मारायच्या. मग एक ओला हिवाळा आला. त्यानंतरच्या उन्हाळ्यात, इतर झाडं हिरवीगार असताना, माळभूर्जांची पानं नाण्यांसारखी पिवळी पडून गळायला लागली. खोडं बुंध्याशी काळी पडली आणि पुढच्या वसंतात हातानं ढकललं तरी आडवी झाली. मुळं कुजून नुसता काळा चिखल झाला होता. पाणभूर्ज मात्र उभे होते. दिसायला अगदीच साधे, शिक्षा झालेल्या पोरांसारखे हात वर करून, पण जिवंत. बाईंचे टोमणे थांबले. रास्माच्या मनाला तेव्हा बरं वाटलं होतं. आपलं म्हणणं खरं ठरलं की कुणाला बरं वाटत नाही?

त्या पाणभूर्जांच्या ओळीपलीकडेच आयनार्सची कबर खणली गेली.

तो तिकडं एका खाटीकखान्यात काम करायचा. सकाळच्या पाळीला जाताना धुक्यात गाडी उलटली. बायको सनिता आणि मुलगी मादारा त्याच्यासोबत तिकडंच राहायच्या. सनितानं त्याला तिथल्या मातीत पुरलं असतं तर कुणी तिला नावं ठेवली नसती. तिचं घर आता तिथं होतं, मुलीची शाळा तिथं होती. पण फोनवर ती रास्माला म्हणाली, “आई, मी त्याला तुमच्याकडं पाठवते. तुम्ही रोज जाऊन बसाल. मी इथं कामावर असते, मला रोज कुठं जमणार?” रास्माला तेव्हा रडण्यापलीकडं काही सुचलं नव्हतं. पण सुनेनं आपल्याला काय देऊन टाकलं हे तिला कळलं होतं.

त्या वर्षीच्या शरदात सनिता आली ती ओल्या पोत्यात गुंडाळलेलं एक रोप घेऊन. छातीएवढं उंच, तपकिरी सालीचं. भूर्ज लहानपणी पांढरा नसतोच.

“बाबांच्या घरामागचं आहे,” ती म्हणाली. “ज्या भूर्जाखाली आमच्या लग्नाची पंगत बसली होती ना, त्याच्या बियांतून उगवलेलं. घर विकलं, आई. घेणाऱ्यांनी सगळी झाडं कापायला काढलीत. हे एवढं मी उपटून आणलं.”

रास्मानं नुसत्या नजरेनं ओळखलं. माळभूर्ज होता. सनिताच्या वडिलांचं घर वाळूच्या टेकाडावर होतं, तिथं दुसरं काय उगवणार?

“इथं नाही जगायचं हे,” रास्मा म्हणाली. “इथं खाली पाणी आहे, पोरी.”

“जगेल.”

“अगं, मी लावून बघितलेत. ओळच्या ओळ मेली. त्यापेक्षा मी तुला एक चांगला पाणभूर्ज देते...”

“मला पाणभूर्ज नको.” सनिताचा आवाज चढला नाही, पण तिनं रोप छातीशी धरलं. “आई, मी दुसरं काही मागितलं का तुमच्याकडं? दगड कुठला लावायचा ते तुम्ही ठरवलंत, त्यावर काय लिहायचं तेही तुम्हीच. हे एवढं माझं असू दे.”

 सनितानं स्वतः खड्डा खणला. कुदळ तळाशी गेली तसं पाणी पाझरायला लागलं. ते दोघींनीही पाहिलं. एकीनं पाहून न पाहिल्यासारखं केलं. दुसरीच्या मनात ते घर करून बसलं.

सनिता परत गेली आणि रास्माची झोप उडाली. रोज सकाळी ती टेकडीखाली जाऊन त्या रोपाकडं बघे. अजून त्याला काहीच झालं नव्हतं. पण तिच्या डोळ्यांपुढं ते पिवळं पडे, काळं पडे, आडवं होई. पोराच्या छातीवर मेलेलं झाड. हा विचार तिच्याच्यानं सोसवेना. शेवटी एके दिवशी ती नवऱ्याला म्हणाली, “आंतोन्स, कुदळ घे.”

आंतोन्स एरवी जिभेला हाड नसलेला माणूस. “आता कुणाला पुरायचंय?” म्हणाला. पण तिचा चेहरा पाहून त्यानं निमूट कुदळ उचलली.

त्यांनी माळभूर्ज मातीच्या गोळ्यासकट अलगद काढला आणि त्याच जागी तेवढ्याच उंचीचा, तसाच तपकिरी पाणभूर्ज लावला.

“सुनेला सांगशील ना?” आंतोन्सनं विचारलं.

“सांगेन. फोनवर सांगेन.”

“आणि याचं काय करायचं?”

त्याच आठवड्यात पंचायतीनं सांस्कृतिक भवनापुढच्या बस थांब्याजवळ माळभूर्जांची रांग लावायला काढली होती. तिथली जमीन कोरडी, वाळूची. रास्मानं ते रोप त्याच रांगेत लावलं. ‘कुठं तरी जगलं तर पाहिजे,’ असं ती स्वतःला समजावत होती. त्याला खूण बांधायचं तिला सुचलं नाही. आपल्याच हातानं लावलेलं झाड आपण विसरू, असं तिला वाटलंच नाही.

सनिताचा फोन दर रविवारी यायचा. तब्येत, हवा, मादाराची शाळा, असं सगळं झालं की शेवटी ती विचारायची, “झाड कसं आहे?”

“छान आहे,” रास्मा सांगायची.

पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तिला घाम फुटला होता. नंतर सवय झाली. आणि खोटं तरी कुठं होतं? कबरीवरचं झाड छानच होतं. रांगेतली झाडंही छान होती, म्हणजे बरीचशी. एका कोरड्या उन्हाळ्यात त्यातली काही वाळली, त्यांच्या जागी नवी आली. गवत कापणाऱ्यानं एकदोन बुंध्यांशी कापली, ती पुन्हा फुटली. बस थांबा पलीकडं सरकवला तेव्हा काही झाडं उचलून दुसऱ्या टोकाला नेली. त्या दिवसांत रास्मा गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी जिल्ह्याच्या गावी पडून होती. परत आली तेव्हा रांग सरळ, सुबक उभी होती, पण त्यातलं आपलं कुठलं, हे तिला सांगता येईना. ती दोनतीनदा रांगेवरून फिरली. मग तिनं तो नाद सोडला.

सनिता मधली काही वर्षं आलीच नाही. सुट्टी मिळत नव्हती, तिकिटं परवडत नव्हती. मग एका ऑगस्टमध्ये, कबरींच्या सणाला, ती मादाराला घेऊन आली.

त्या दिवशी गावात गाड्या मावत नव्हत्या. रिगाहून, जर्मनीहून, इंग्लंडहून माणसं आली होती. वर्षभर रिकामं पडलेलं गाव त्या एका दिवशी मेलेल्यांसाठी भरतं. पाद्रीबाबा ध्वनिक्षेपकावरून प्रार्थना म्हणत होते. कबरींवर अंथरलेल्या वाळूवर रिवाजाप्रमाणं दाताळ्यानं रेघा ओढल्या जात होत्या. रास्मानं काळा पाव, ताजं चीज आणि बडीशेप घालून उकडलेले बटाटे टोपलीत आणले होते. मादारा आता उंच झाली होती. आजीशी बोलताना तिला शब्द सापडत नव्हते, मग ती हसायची. आंतोन्स तिला चिडवत होता, “काय गं, तिकडं मेंढ्यांची भाषा बोलतात का? ब्यॅऽऽ म्हण बघू!” पोरगी खळखळून हसली. रास्माला वाटलं, आजचा दिवस चांगला जाणार.

सनिता झाडाजवळ उभी होती. ते आता दीडदोन पुरुष उंच झालं होतं.

“केवढं मोठं झालंय!” ती म्हणाली. आनंदानंच म्हणाली. “आणि तुम्ही म्हणत होतात, जगणार नाही!”

रास्मा खाली वाकून वाळू सारखी करत राहिली.

“पण फांद्या लोंबत नाहीत अजून.”

“वय व्हायला लागतं,” रास्मा म्हणाली. आपलाच आवाज तिला परका वाटला.

सनितानं हात वर करून एक कोवळी डहाळी ओढली. तिनं डोळे मिटले आणि डहाळीच्या टोकावरून अंगठा फिरवला.  हा खेळ तिनंच आयनार्सला लहानपणी शिकवला होता. डोळे मिट आणि सांग, माळभूर्ज की पाणभूर्ज? माळभूर्जाच्या डहाळीवर बारीक पुटकुळ्या असतात, मांजराच्या जिभेसारखी खरखर लागते. पाणभूर्जाची डहाळी मऊ, नवजात बाळाच्या मानेवरच्या लवेसारखी. आयनार्सनं तो खेळ बायकोलाही शिकवला असेल, हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं.

सनितानं डोळे उघडले. दुसरी डहाळी ओढली. मग तिसरी.

“हे माझं झाड नाही,” ती म्हणाली.

पाद्रीबाबांची प्रार्थना चालूच होती. आजूबाजूची माणसं माना खाली घालून उभी होती.

“सनिता, घरी जाऊन बोलू...”

“हे माझं झाड नाही, आई. माझं मेलं का? मेलं असेल तर सांगा, मी काही म्हणणार नाही.”

इथं खोटं बोलायची वाट उघडी होती. हो, मेलं, म्हणून दुसरं लावलं, एवढं म्हटलं असतं तर सगळं निभावलं असतं. रास्माला ते सुचलंही. पण त्या पोरीच्या तोंडावर आणखी एक खोटं बोलायला तिची जीभ वळेना.

“मेलं नाही,” ती म्हणाली. “मी काढलं.”

“कधी?”

“तू गेल्यावर. थोड्याच दिवसांत. इथं ते मेलंच असतं गं. माझ्या पोराच्या अंगावर वाळलेलं झाड मला बघवलं नसतं. मी चांगल्या जागी लावलं. वाळूत. जिवंत आहे ते.”

“कुठं?”

“बस थांब्याजवळच्या रांगेत.”

सनितानं मादाराचा हात धरला आणि ती चालायला लागली. प्रार्थना सोडून कुणी निघालं की लोक बघतात, तसे बघत राहिले. रास्मा दुखऱ्या गुडघ्यानं मागोमाग गेली. आंतोन्स टोपली उचलून तिच्या मागं.

बस थांब्यापाशी माळभूर्ज ओळीनं उभे होते. पांढरी व्हायला लागलेली खोडं, वाऱ्यावर झुलणाऱ्या बारीक फांद्या. पंचायतीच्या बाईंना हवे होते अगदी तसे.

“यातलं कुठलं?” सनितानं विचारलं.

रास्मा रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बघत राहिली.

“आई, कुठलं?”

“या... या बाजूचं असावं. आधी या बाजूला होतं. मग थांबा हलवला. मी दवाखान्यात होते तेव्हा.”

“म्हणजे तुम्हाला माहीत नाही.”

“यातलंच एक आहे. नक्की यातलंच.”

सनिता पहिल्या झाडापाशी गेली आणि तिनं खोडावर हात ठेवला. मग दुसऱ्यापाशी, मग तिसऱ्यापाशी. अशी ती सबंध रांगभर गेली. प्रत्येक झाडापाशी थांबत होती, डहाळी चाचपत होती, जणू एखादं तरी ओळख देईल. सगळ्यांच्या डहाळ्या सारख्याच खरखरीत होत्या.

मादारानं आजीकडं बघून आपल्या मोडक्यातोडक्या भाषेत विचारलं, “बाबांचं कुठलं?”

रास्मानं नुसती मान हलवली. त्या पोरीला त्यातून काय कळलं कोण जाणे.

शेवटच्या झाडावरून सनिता परत आली. रडत नव्हती. रडली असती तर रास्मानं तिला जवळ घेतलं असतं.

“वाळलं असतं तर वाळलं असतं,” ती म्हणाली. “मी येऊन दुसरं लावलं असतं. तेही वाळलं असतं तर तिसरं. तेवढं तरी मला त्याच्यासाठी करता आलं असतं. दर रविवारी विचारत होते मी तुम्हाला.”

“चुकलं माझं.”

“माणूस मी तुमच्या हवाली केला, आई. एक झाड मागितलं होतं.”

त्याच दिवशी दुपारच्या बसनं ती मादाराला घेऊन गेली. त्याच रांगेखाली उभं राहून त्यांनी बसची वाट पाहिली. रास्माला जवळ जाण्याचा धीर झाला नाही. ती सांस्कृतिक भवनाच्या पायरीवर बसून राहिली. आंतोन्स मात्र गेला आणि त्यानं चीजची पुरचुंडी मादाराच्या हातात दिली. बस सुटल्यावर तो येऊन बायकोशेजारी बसला.

“खड्डा मी खणला होता,” तो म्हणाला. “माझं नाव का नाही घेतलंस?”

“तू काय केलंस त्यात?”

“तेच तर. काहीच केलं नाही. नको म्हणायला पाहिजे होतं.”

रविवारचे फोन बंद झाले. रास्मानं केला तर वाजून वाजून थांबायचा. शरदात एक दिवस तिनं बस पकडली आणि सनिताच्या वडिलांचं घर होतं तिथं गेली. तो मोठा भूर्ज नसणार हे तिला ठाऊक होतं. पण भूर्जाचं बी फार लांब उडतं, एखादं रोप तरी कुंपणाकडेला उगवलं असेल, तेवढं आणू, असं तिच्या मनात होतं. घर पाडलेलं होतं. वाळूच्या टेकाडावर लावलेले सूचिपर्णी स्प्रूस दूरवर ओळीनं उभे होते, आणि त्यांच्याखाली गवताचं पातंही नव्हतं. ती कुंपणाच्या कडेकडेनं हिंडली. रस्त्यालगतच्या चरात काही भूर्जाची रोपं दिसली तशी ती गुडघ्याचं दुखणं विसरून खाली उतरली. डहाळी हातात घेतली. मऊ होती. चरात पाणी होतं, आणि तिथं पाणभूर्जच उगवले होते. ती बराच वेळ तशीच चरात उभी राहिली. बुटांत पाणी शिरलं तेव्हा वर आली.

घरी आल्यावर आंतोन्सनं तिचे बूट चुलीपाशी वाळत टाकले, कोबीचं सूप पुढं ठेवलं. ती काही खाईना. मग तो म्हणाला, “मला एक सांग. तिथं खाली दोन ट्रॉल्या वाळू आणून उंचवटा केला असता, तर माळभूर्ज जगला असता का?”

रास्मानं त्याच्याकडं बघितलं.

“मी आपला अडाण्यासारखा विचारतोय,” तो म्हणाला. “बटाटे आपण वाफ्यावर चढवून लावतोच की.”

जगला असता. कदाचित कायमचा नाही, पण पुष्कळ वर्षं जगला असता. मुळं वर राहिली असती, पाण्याच्या वर. ओल्या जमिनीत उंचवटा करून झाड लावायचं हे तिला काय ठाऊक नव्हतं? सफरचंदं तिनं तशीच लावली होती, लोकांनाही तसंच शिकवलं होतं. पण त्या दिवशी तिच्या डोक्यात एकच होतं, इथं कुठला भूर्ज तगतो आणि कुठला नाही. ते तिला पक्कं माहीत होतं, आणि त्या माहितीपुढं सुनेचं रोप कसं जगवायचं हा विचार तिला शिवलाच नाही.

“बोल ना,” आंतोन्स म्हणाला.

“जगला असता,” ती म्हणाली, आणि तिनं कपाळ टेबलावर टेकलं. आंतोन्सला वाटलं होतं, आपण काही उपाय सुचवला. त्यानं घाबरून तिच्या पाठीवर हात ठेवला. 

तरी त्यांनी वाळू आणली. शेजाऱ्याचा ट्रॅक्टर मागून आणला आणि कबरीच्या उशाशी चांगला रुंद उंचवटा केला. पाणभूर्ज आता तोडण्याजोगा राहिला नव्हता. त्याची मुळं आयनार्सपर्यंत पोचली असतील, या विचारानं रास्माला त्याला हात लावावासा वाटेना. तो तसाच ठेवला. बस थांब्याच्या रांगेतून पंचायतीच्या परवानगीनं एक माळभूर्ज काढला, मोठा गोळा धरून, आणि उंचवट्यावर लावला. कुठला काढायचा यावर ती सकाळभर रांगेपुढं येरझाऱ्या घालत होती. शेवटी आंतोन्सनंच कंटाळून एका खोडावर हात मारला, “हा घेऊ.”

नोव्हेंबरात, मेणबत्त्यांच्या संध्याकाळी, सगळी टेकडी दिव्यांनी भरली तेव्हा रास्मानं शेजारणीकडून फोटो काढवून घेतला. कबर, मेणबत्त्या, मागं उंचवट्यावर ते उघडं, बारीक झाड. तिनं तो सनिताला पाठवला आणि खाली लिहिलं, ‘माळभूर्ज लावला. वाळूत लावलाय. जगेल.’

फोन खिशात घालून ती थंडीत उभी राहिली. बऱ्याच वेळानं तो वाजला. सनितानं एकच शब्द लिहिला होता, ‘कुठला?’

रास्मानं चष्मा पुसला. ‘तुझाच’ असं लिहिलं, आणि ते खोडलं. ‘बहुतेक तुझाच’ लिहिलं, तेही खोडलं. मग लिहिलं, ‘रांगेतला एक.’

त्यावर उत्तर आलं नाही. त्या हिवाळ्यातही आलं नाही आणि त्यानंतरही नाही.

वसंतात माळभूर्जाला पालवी फुटली. उंचवट्याच्या पायथ्याशी पाणी साचलं होतं, पण वर वाळू कोरडी होती. आंतोन्स आनंदानं म्हणाला, “धरलं गं झाडानं!” रास्मा म्हणाली, “हो, धरलं.” मग तिनं दाताळं घेतलं आणि कबरीवरची वाळू सारखी करायला लागली.